खरवडलेला टाक

मी लोकांची मेलेली माणसं विकत आणते, असं आमची आक्का सगळ्या गल्लीला सांगत असते. आक्का माझी थोरली बहीण. दोघींचे नवरे मागेपुढे गेले आणि आम्ही मंगळवार पेठेतल्या एका घरात राहायला लागलो. ती म्हणते ते खोटं नाही. मला जुने फोटो आणि जुनी पोस्टकार्डं गोळा करायचा नाद आहे. रविवारच्या जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे, जिथं घर पाडून अपार्टमेंट उठतंय तिथं, मी पिशवी घेऊन हजर असते. लोक फ्रेम विकतात, काच विकतात आणि आतली आजी रद्दीत घालतात. मला याचा मनापासून संताप येतो. मग ती आजी मी घरी आणते. मागच्या खोलीतली कपाटं भरून गेली आहेत आणि आक्का त्या खोलीत पाऊल टाकत नाही. पितृपक्ष आला की उंबऱ्यावरूनच ओरडते, "एवढ्या जणास्नी जेवाय घालायचं कुणी? तू घालणार हाईस व्हय?"

मी घालत नाही. मी त्यांची तोंडं फेसबुकवर टाकते, गावाचं किंवा पेठेचं जे काही माहीत असेल ते खाली लिहिते आणि वाट बघते. कधीमधी कुणीतरी ओळखतं. आमच्या आत्याची सासू, आमच्या पणजोबांचे चुलतभाऊ, असं काहीतरी येतं. त्यांना मी फोटो फुकट देते आणि तो रद्दीत घातल्याबद्दल दोन शब्द सुनावते. ते काही फुकट नाही, ते ऐकून घ्यावंच लागतं.

तेजस्वी माझं फेसबुकवरचं पान बघूनच माझ्याकडे आली. गडमुडशिंगीची सून, शिरोली एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला. शनिवारी दुपारी कामावरून थेट आली होती. टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम तिनं तान्हं मूल ठेवावं तशी टेबलावर ठेवली.

"आमच्या आजींच्या आईचा फोटो आहे, मावशी. आजी म्हणजे माझ्या आजेसासूबाई, चिमणाबाई. आधी सगळे चिखलीला राहायचे. दोन हजार एकोणीसच्या पुरात घर पाण्यात गेलं, त्यात हा भिजला."

फोटो गेला नव्हता, तोंड गेलं होतं. कागद काचेला चिकटला होता आणि वरचा सगळा भाग तपकिरी ढगासारखा पसरला होता. खाली मात्र सगळं जागच्या जागी. खुर्ची, नऊवारीचे रुंद काठ, मेजावर टेकवलेला डावा हात. त्या हाताची करंगळी जरा वाकडी, कधीतरी मोडून तशीच बसलेली. मागे रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याच्या पायऱ्या आणि कोपऱ्यात एक हंस.

"पुरानंतर आजी काही बोलल्या नाहीत. म्हणायच्या, आई माझ्या डोळ्यात हाय, कागद घिऊन काय करू. पण गेल्या दिवाळीपासून त्यांना ते तोंड आठवेनासं झालंय. आई गेली तेव्हा त्या रांगत होत्या. त्यांनी आई बघितली ती फोटोतच. आता जेवण तोडलंय. म्हणतात, तोंड इसरून मेले तर तिकडं आईला वळखू कशी?"

हे सांगताना ती हसली, पण हसू टिकलं नाही. मग तिनं मला तिचा उद्योग सांगितला. एका ॲपवर तिनं फोटो दुरुस्त करून घेतला होता. ॲपनं छान गोरं, हसरं तोंड बसवून दिलं. चिमणाबाईंनी ते बघितलं, "ही कोण भवानी बसलीया माझ्या आईच्या खुर्चीत?" म्हणाल्या आणि मोबाइल अंगणात भिरकावला. मला ती म्हातारी न बघताच आवडली.

तो हंस माझ्या ओळखीचा होता. सराफांच्या गुजरीजवळ पूर्वी एक स्टुडिओ होता, त्याचा पडदा. स्टुडिओ बंद पडून जमाना झाला. फोटोग्राफरच्या नातवानं तिथं मोबाइलचं दुकान टाकलं तेव्हा आजोबांच्या काचा मला देऊन टाकल्या. त्या काळी फिल्म नव्हती, फोटो काचेवर उतरायचा. गोरं ते काळं आणि काळं ते गोरं, असा उलटा. लाकडी पेट्यांमध्ये खाचा असतात, त्यात एकेक काच उभी. अशा पुष्कळ पेट्या माझ्याकडे धूळ खात पडल्या होत्या. मी तेजस्वीला म्हटलं, सापडेलच असं नाही, पण बघते.

रोज दुपारी मागच्या खिडकीत बसून मी एकेक काच उजेडासमोर धरायला लागले. पैलवान, नवरा-नवरी, बारशाची बाळं, डोक्यावर टोप्या घातलेले मास्तर, सगळे काळ्या तोंडाचे आणि पांढऱ्या केसांचे. सवय नसलेल्या माणसाला भीती वाटेल. मला वाटत नव्हती. ती करंगळीवाली काच हातात येईपर्यंत तरी नव्हती.

काच उचलली आणि गळ्याखाली, दोन हाडांच्या मधल्या खळग्यात, काहीतरी गार टेकलं. रुपयाएवढं. मी हात लावून बघितलं. नवरा गेल्यापासून माझ्या गळ्यात काही नसतं, तेव्हाही नव्हतं. काच खाली ठेवली, गार गेलं. उचलली, आलं. खिडकीतून वारा येतोय असं मी स्वतःला समजावलं आणि खिडकी लावून घेतली. काही फरक पडला नाही.

त्याच पेटीत, तिला खेटून, दुसरी काच होती. तीच बाई, तीच खुर्ची, तेच लुगडं. एकाच बैठकीत दोन फोटो काढले होते. दोन्ही काचा मी स्कॅन केल्या आणि संगणकावर काळं-पांढरं सुलट केलं. विशी-बाविशीची मुलगी समोर आली. रुंद कपाळ, त्यावर कुंकवाची चिरी, ओठ घट्ट मिटलेले. पहिल्या फोटोत ती कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघत होती, तिकडं कुणीतरी उभं राहून तिला काहीतरी सांगत असावं तशी. दुसऱ्यात सरळ समोर, आणि डोळे अगदी थिजलेले. तेजस्वीच्या फ्रेममधला हात दुसऱ्या फोटोतला होता. म्हणजे चिमणाबाईंची आई सापडली. मी खूश झाले आणि लगेच माझी खुशी उतरली. पहिल्या फोटोत तिच्या गळ्यात काळ्या मण्यांखाली चांदीचं काहीतरी लोंबत होतं. दुसऱ्यात तिथं नुसता काळपट धुरकट पट्टा होता.

मी भिंग घेऊन दुसरी काच परत बघितली. तेवढी जागा चाकूच्या टोकानं खरवडली होती आणि वरून पेन्सिल फिरवली होती. त्या वेळचे फोटोग्राफर असंच करायचे. देवीचे वण, तोंडावरची सुरकुती, नको असलेला दागिना, सगळं काचेवरच पुसून टाकायचे.

"आक्का, जरा इकडं ये," मी हाक मारली.

ती उंबऱ्यापर्यंत आली. तिथूनच तिनं मान लांब करून संगणकाच्या पडद्याकडे बघितलं. मी ते गळ्यातलं मोठं करून दाखवलं. चांदीच्या पत्र्यावर बाईचं तोंड उमटवलं होतं. दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक रेघ तोंडाची.

"टाक हाय त्यो," आक्का म्हणाली. "सवतीचा. पयली मेली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक बांधत्यात. न्हायतर पयली सुखानं नांदू देत न्हाय. आपल्या मामीच्या गळ्यात हुता की."

मलाही ते आठवत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं. गळ्यात सवतीचा टाक आहे म्हणजे ही पहिली बायको नाही, आणि टाक पुसला तो तेच लपवायला. पहिली, म्हणजे चिमणाबाईंची खरी आई, मरून गेलेली आहे, तिचा फोटो कधी निघालाच नाही, आणि तिच्या जागी ही दुसरी बसली आहे. असं व्हायचं, हे मी ऐकून होते. माणूस फोटो न काढताच गेलं की घरचे त्याच्या भावाला किंवा बहिणीला स्टुडिओत नेऊन बसवायचे. अंगावर मेलेल्याचे कपडे घालायचे. फोटोग्राफर थोडं खरवडून, थोडं रंगवून द्यायचा आणि तेच भिंतीवर लागायचं. पण पहिलीच्या जागी दुसरीला बसवलेलं मी कधी बघितलं नव्हतं. तिच्या गळ्यातला टाकसुद्धा काढायला लावला नव्हता. तो गळ्यातून काढायचा नसतो, म्हणून काचेवरून काढला होता. पहिल्या काचेला हात लावायची गरज पडली नसावी, ती तशीच पेटीत राहिली.

हे सगळं मी आक्काला सांगितलं.

"मग त्या फोटोला हार घातला आसंल," ती म्हणाली.

"घातलाच असणार. आई म्हणून लावला होता."

"जित्या बाईच्या फोटोला?"

आक्का आत आली आणि खुर्चीवर बसली. एवढ्या वर्षांत ती त्या खोलीत पहिल्यांदा बसली होती.

"आणि ती त्याच घरात ऱ्हात हुती," ती म्हणाली. "सैपाक करत हुती. स्वतःला हार घातल्याला रोज बघत हुती."

पुढे बरेच दिवस आमच्यात याच्यावरून वाजत होतं. आक्काचं म्हणणं, खरवडलेला फोटो त्या म्हातारीला द्यायचा आणि तोंड बंद ठेवायचं. ती पिकलं पान झाली आहे, तिला शांतपणे जाऊ दे. मी म्हणायची, ती तिकडं जाऊन दुसऱ्याच बाईला आई म्हणून हाक मारेल, त्याचं काय? तिकडचं तिकडं बघत्यात, असं आक्काचं उत्तर. तेजस्वीचे फोन येत होते. चिमणाबाई आता दिवसातून एकदा दूधभात घ्यायच्या, तोही निम्मा ताटात राहायचा. शेवटी मी आक्काचं ऐकायचं ठरवलं. मला खोटं पचत नाही, पण एका उपाशी म्हातारीपुढे माझ्या पचनाचं काय घेऊन बसायचं?

निघायच्या दिवशी खरवडलेल्या फोटोचा मोठा प्रिंट मी पिशवीत घातला आणि गळ्यावर ते गार टेकलं. या वेळी नुसतं टेकलं नाही, दाबलं. मला श्वास घेता येईना. मी कपाटापाशी उभी राहिले, मग परत गेले आणि टाक असलेला दुसरा प्रिंटही पिशवीत टाकला. गळा मोकळा झाला. यात काही अर्थ आहे असं मी म्हणत नाही. मी घाबरले होते, एवढं मात्र खरं.

गडमुडशिंगीचं घर नवीन होतं, दारात ट्रॅक्टर आणि मागे गोठा. तेजस्वीनं मला आत नेलं. चिमणाबाई खिडकीपाशी कॉटवर बसल्या होत्या. बाई लहानखुरी, हातापायाच्या काड्या झालेल्या, आवाज मात्र चांगला खणखणीत.

"ह्याच व्हय फोटूवाल्या? बसा. आणलासा?"

मी खरवडलेला प्रिंट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. मग एकदम त्यांचं तोंड लहान पोरीसारखं झालं आणि त्या रडायला लागल्या. तेजस्वीही रडली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच माझी आई. आता न्हाय इसरायची."

डोळे पुसून झाल्यावर त्यांना बोलायची हौस आली. मी न विचारता त्या सांगायला लागल्या. वडील गणपतराव, पेठ वडगावकडचे. आई बाळंतरोगानं गेली. पोर कुणाकडंच जाईना, कुणाच्या हातचं खाईना. मग वडलांनी हा फोटो आणून भिंतीवर लावला आणि सांगितलं, ही बघ तुझी आई, ती बघतीया, खा. आणि पोर खायला लागली.

"तवर घरात सावत्र आली हुती. बायडाबाई. तिनं घास फुडं केला की मी थुंकायची. तिला कधी आई म्हणलं न्हाय मी. 'ए' म्हणायची. सांजच्याला दिवा लावला की फोटूखाली हुबी ऱ्हायची आणि आईला समदं सांगायची. हिनं मारलं, हिनं माझं परकर लपवलं. मारलं न्हवतं बरं का तिनं कधी. मीच आपली सांगायची. आणि शेवटाला रोज म्हणायची, आई, हिला ने."

"त्या कुठं असायच्या तेव्हा?" मी विचारलं.

"तितंच की. चुलीफुडं. ऐकायची. एक सबूद कधी बोलली न्हाय. सणासुदीला फोटूला हार बी तीच घालायची. वडील सांगायचे म्हणून घालायची."

"मग?"

"मग नेली की आईनं. ताप आला आणि गेली. मी असंन अकरा-बारा वर्साची. बाया रडत हुत्या, मी न्हाय रडले. आईनं ऐकलं म्हणून दुकानातनं पेढा आणला आणि फोटूला दावला."

तेजस्वीनं माझ्याकडे बघितलं. ही गोष्ट तिनंही पहिल्यांदाच ऐकली असणार. चिमणाबाई मात्र फोटोवरून हात फिरवत होत्या, निवांत, पोट भरल्यासारख्या.

"बायडाबाईंचा फोटो आहे का कुठं?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं.

"तिचा कशाला आसंल? काढलाच न्हाय कुणी. मला तर तिचं तोंड बी आठवत न्हाय, मान वर करून बघितलंच न्हाय तिच्याकडं कधी. फोटू काढा म्हणाय कोण हुतं तिला." त्या हसल्या. "आता माझी काळजी मिटली बघा. तिकडं गेल्या गेल्या वळखीन आणि गळ्यात पडीन."

इथंच मी उठून निघायला हवं होतं. आक्का असती तर तिनं मला दंडाला धरून उठवलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ती पुढची भेट आली. ही म्हातारी धावत जाऊन गळ्यात पडते आहे आणि ती बाई, जिचं हिनं रोज संध्याकाळी मरण मागितलं, ती तिथंही ओठ मिटून उभी आहे, तिथंही पहिलीचं सोंग घेऊन. मला त्या मुलीची फार दया आली. गप्प राहायचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी पिशवीतून टाकवाला प्रिंट काढला आणि खरवडलेल्याच्या शेजारी ठेवला.

चिमणाबाईंनी आधी नुसतं बघितलं. "ह्यो बी आईचाच," त्या म्हणाल्या. मग त्यांचं बोट गळ्यावर गेलं आणि थांबलं. त्या वाकल्या. इतक्या वाकल्या की नाक कागदाला टेकलं.

"ह्यो टाक," त्या म्हणाल्या. "ह्यो बायडाबाईच्या गळ्यात हुता. मी वढायची त्यो. माझ्या आईचा हाय, दे म्हणायची."

मी मान हलवली.

त्यांनी तोंड बघितलं, टाक बघितला, पुन्हा तोंड बघितलं. मग खरवडलेल्या फोटोतली ती काळपट जागा बघितली आणि तिच्यावरून नख फिरवलं. ती करंगळी बघितली. "पाटा पडला हुता हिच्या बोटावर," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "रांगता रांगता मीच ढकलला हुता म्हणं." आत कुकरची शिट्टी झाली आणि कुणी उठलं नाही.

"माझ्या आईचा फोटू न्हवताच व्हय?"

"नव्हता, आजी."

"मग मी कुणाला सांगत हुते रोज?"

तेजस्वी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेली तर त्यांनी तो झटकला. त्या रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांचे डोळे त्या बाजूला बघणाऱ्या मुलीवरून हलत नव्हते.

"मी तिला तिच्याच तोंडावर मर म्हणत हुते," त्या म्हणाल्या. "आणि पेढा दावला."

"तुम्ही लहान होता," तेजस्वी म्हणाली.

"ती बी ल्हानच हाय की. बघ की. तुझ्यापरास ल्हान हाय."

खरंच लहान होती. वय मी पहिल्याच दिवशी ताडलं होतं, तिचं लहानपण मात्र लक्षात आलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांची पोरगी, मेलेल्या बाईच्या लुगड्यात, दुसऱ्याच्या लेकरानं जेवावं म्हणून जिवंतपणी हार घालून घेणारी.

चिमणाबाईंनी खरवडलेला फोटो पालथा घातला. टाकवाला दोन्ही हातांत धरून तोंडासमोर आणला. बाहेर दिवेलागण झाली होती, तेजस्वीच्या सासूनं देवापुढं निरांजन लावल्याचा वास आला. याच वेळेला त्या लहानपणी भिंतीखाली उभ्या राहायच्या.

"समदं ऐकत हुतीस व्हय गं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता, शेजारच्या माणसाशी बोलावं तसा. "रोज?"

त्यांनी वाट बघितली. खोटं कशाला सांगू, मीही बघितली.

मग त्यांनी हाक मारली. फोटोला त्या जन्मभर आई म्हणत आल्या होत्या, पण बायडाबाईला त्यांनी तशी हाक त्या संध्याकाळी पहिल्यांदा मारली. एकदाच मारली, आणि कान देऊन बसल्या. तेजस्वी काहीतरी बोलायला गेली तेव्हा त्यांनी हातानं तिला गप्प केलं. आम्ही तिघी तशाच बसून राहिलो, बायडाबाई काय म्हणते ते ऐकत.